ताप उतरला, नाडी मंदावली. आता मुलाने पळावं का?

पत्र

माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतोय, सोलापुरात अभ्यासिका लावली आहे. गणपतीला घरी आला तो अंगात ताप घेऊनच. डेंग्यूची एनएस1 तपासणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट 38 हजारांवर आल्यावर दवाखान्यात ॲडमिट केलं. पाचव्या दिवशी ताप गेला, आम्ही देवापुढे साखर ठेवली, आणि त्याच रात्री सिस्टरांनी सांगितलं की नाडी 44 आहे. ईसीजी काढला. दुसऱ्या दिवशी बाहेरचे हार्टचे डॉक्टर येऊन टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून गेले. डिस्चार्ज कार्डवर डेंग्यू, सायनस ब्रॅडीकार्डिया असं लिहून पुढे मायोकार्डायटिस लिहिलंय, आणि त्या शब्दाच्या आधी प्रश्नचिन्ह टाकलंय. इकोत ईएफ 50 टक्के आहे. म्हणजे हार्ट निम्मंच चालतंय का?

हार्टचे डॉक्टर म्हणाले, तीन महिने पळायचं नाही. गावातले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, डेंग्यूत नाडी अशी होतेच, आठवड्याने पळू दे. घरी येऊन तीन आठवडे झाले. मैदानी चाचणी दोन महिन्यांवर आहे. परवा चपलांच्या रॅकखाली त्याचे बूट दिसले, चिखलाने भरलेले. विचारलं तर म्हणतो, नुसतं चालून आलो. सासूबाई पपईच्या पानांचा रस देतायत आणि अशक्तपणा जावा म्हणून दोन सलाईन लावून आणा म्हणून मागे लागल्यात. त्यात मिस्टरांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. आमच्याकडे पाणी पाच दिवसांआड येतं, घरभर बॅरल भरलेले असतात. उद्या त्यांना डेंग्यू झाला तर काय, ही आणखी एक धास्ती.

एक आई, बार्शी तालुका

उत्तर

ताई,

पळणं आजपासून बंद. घरात वावरू दे, सपाट रस्त्यावर सावकाश चालू दे, पुस्तक घेऊन बसू दे. पण कार्डावरचं ते प्रश्नचिन्ह निघेपर्यंत पहाटेचं धावणं नाही, गोळाफेक नाही, जोर-बैठका नाहीत. हे आधी सांगून टाकलं, कारण नुसतं चालून बुटांना एवढा चिखल लागत नाही हे तुम्हालाही कळलंय आणि मलाही.

आता तुमचे दोन डॉक्टर. दोघांपैकी एकाचं चुकतंय असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. गावातले डॉक्टर नाडीबद्दल बोलतायत, हार्टचे डॉक्टर प्रश्नचिन्हाबद्दल. दोन वेगळ्या गोष्टी कार्डावर एका ओळीत आल्या, तिथे घोटाळा झाला.

नाडीचं आधी बघू. कार्डावरचा सायनस ब्रॅडीकार्डिया म्हणजे मंद नाडी. ताप चढला की नाडी वाढते, साधारण एका अंश सेल्सिअसला मिनिटामागे 10 ठोके. डेंग्यूत मात्र कितीतरी वेळा ताप 103 असतो आणि नाडी त्या मानाने मागेच राहते. मग ताप उतरतो, एक-दोन दिवसांनी पेशंट स्वतःहून जेवायला मागतो, अंगावर लाल पुरळ उठून मधेमधे पांढरे ठिपके राहतात, तळहात-तळपाय खाजतात. नेमकी त्याच सुमाराला नाडी 60च्या खाली येते, झोपेत 45च्याही खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009च्या डेंग्यू मार्गदर्शिकेतही लिहिलेलं आहे की बरं होण्याच्या टप्प्यात नाडी मंदावणं आणि ईसीजीत फरक दिसणं नेहमीचं आहे. बहुतेकांची नाडी काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत, आपली आपण जागेवर येते. तिच्यासाठी गोळी लागत नाही.

त्यात तुमचा मुलगा रोज पळणारा. पळणाऱ्या पोरांची बसल्या जागची नाडी मुळातच 50-55 असू शकते, आणि तो हृदय कमावल्याचा पुरावा असतो. आजारी पडण्याआधी त्याची नाडी किती असायची? मैदानावरची मुलं मोबाईलवर, घड्याळावर असलं काहीबाही मोजत असतात, त्यालाच विचारा. एरवी 54 असेल तर रात्रीच्या 44मध्ये घाबरण्यासारखं फारसं नाही. एरवी 75 असेल तर त्याच 44कडे जरा निरखून बघावं लागेल. एवढ्यापुरतं तुमचे गावातले डॉक्टर बरोबर आहेत.

मग प्रश्नचिन्ह कशाचं? मायोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज. डेंग्यूचा विषाणू काही वेळा थेट त्या स्नायूपर्यंत पोचतो, पण जास्त करून विषाणूशी झुंजताना शरीर जी रसायनं रक्तात सोडतं, त्यांचाच स्नायूला त्रास होतो. शिवाय डेंग्यूत बारीक रक्तवाहिन्या नव्या माठासारख्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसाभोवती, कधी हृदयाभोवतीच्या पिशवीतही साचतं. हा पाझर सगळ्यात जास्त असतो तो ताप उतरताना, त्या 24 ते 48 तासांत. म्हणून ताप गेला की सुटलो, हा आपल्याकडचा समज मला फार धोक्याचा वाटतो. देवापुढे साखर ठेवायची तर ती दोन दिवस थांबून ठेवावी.

बहुतेक पेशंटमध्ये ही सूज इतकी सौम्य असते की कुणाला पत्ताही लागत नाही. वॉर्डात प्रत्येकाचा ईसीजी काढत नाहीत, त्यामुळे ती येते आणि जाते. थोड्यांमध्ये ठोके चुकतात, हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा येतो, छातीत दुखतं. अगदी मोजक्यांमध्ये हृदयाचं पंपिंगच कमी पडतं, आणि तेव्हा प्रकरण आयसीयूत जातं. तुमचा मुलगा त्या शेवटच्या गटात नव्हता, एवढं कार्डावरून दिसतंय. पहिल्या गटात होता की मधल्या, ते शोधायचं आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ तेवढाच.

हे कोविडनंतरचं काहीतरी नवीन निघालंय, असंही कुणी सांगेल. तसं नाही. कोलंबोच्या ओबेसेकेरे आणि हर्मन या डॉक्टरांनी 1972 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये डेंग्यू आणि चिकुनगुन्यानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या, काहींचं हृदय पुढे कमजोर झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, चिकुनगुन्याची साथ आली ती तुमच्या बार्शीत. साथरोगांचा इतिहास वाचणाऱ्यांना बार्शीचं नाव त्यामुळेच ठाऊक आहे. त्यानंतर हा आजार देशातून जवळजवळ नाहीसा झाला आणि 2005-06 मध्ये पुन्हा उसळला. त्याच सुमाराला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर साधारण एक तृतीयांश लोकांना चिकुनगुन्या झाला, आणि तिथल्या गंभीर रुग्णांमध्ये हृदयाच्या तक्रारी ठळकपणे दिसल्या, विशेषतः उतारवयाच्या लोकांत. सासूबाईंना त्या बार्शीच्या साथीची आठवण आहे का, विचारून बघा. पपईचा विषय काढण्यापेक्षा ते बरं.

आता ईएफ. 50 टक्के हा आकडा बघून तुमची झोप उडाली असेल, आणि तुम्ही एकट्या नाही, इको रिपोर्ट हातात पडलेली बहुतेक घरं इथेच अडखळतात. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो आणि आवळला की त्यातलं काही रक्त बाहेर फेकतो. त्यातलं शंभरापैकी किती बाहेर गेलं, तो आकडा म्हणजे ईएफ. ठणठणीत माणसाचं हृदयही सगळं रक्त कधीच फेकत नाही, साधारण 55 ते 70 टक्के फेकतं. म्हणजे तुमच्या मुलाचा 50 हा 55च्या शेजारचा आहे, शंभरातले पन्नास मार्क नव्हेत. डेंग्यूच्या भरात हा आकडा थोडा खाली येणं आणि मग वर जाणं पुष्कळदा घडतं. इको करणाऱ्याच्या हातागणिक पाच-एक टक्के इकडेतिकडे होतात, हेही लक्षात ठेवा. पण बावीस वर्षांच्या, रोज पळणाऱ्या मुलाचा 50 आला असेल तर तो पुन्हा बघितल्याशिवाय सोडता येत नाही.

तर पुन्हा काय बघायचं? ईसीजी आणि टूडी इको. जमलं तर त्याच हार्टच्या डॉक्टरांकडे, म्हणजे आधीचा आणि आत्ताचा इको एकाच नजरेखालून जाईल. आधीचा ईसीजी बरोबर न्या. थर्मल कागदावरचा ईसीजी काही महिन्यांत उडून जातो, म्हणून आजच त्याचा फोटो काढून ठेवा किंवा झेरॉक्स मारा. दुसरं असं की दवाखान्यात ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी केली होती का, ते विचारून घ्या. कार्डावर नसली तरी केसपेपरमध्ये असू शकते, आणि त्या कागदांची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण दीड-दोन आठवड्यांत ते निघूनही जातं. त्यामुळे आज तपासलं आणि नॉर्मल आलं, तर आत्ता इजा चालू नाही एवढंच कळेल, तेव्हा झाली नव्हती असं त्यावरून म्हणता येणार नाही. लॅबमधला माणूस सगळं नॉर्मल म्हणाला, की मुलगा लगेच बूट बांधेल, म्हणून मुद्दाम सांगते.

जुना ट्रोपोनिन वाढलेला निघाला, किंवा ईसीजी-इको अजून पूर्ण जागेवर नसेल, तर डॉक्टर हृदयाचा एमआरआय सांगतील. त्यात गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देऊन स्नायूत सूज किंवा वण आहे का ते बघतात. खर्चाचं काम आहे आणि सगळीकडे होत नाही, म्हणून प्रत्येकाला सांगत नाहीत. तुमच्या मुलाला सांगितला तर मात्र टाळू नका.

एक गोष्ट करू नका. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर पळवून काढतात तो ईसीजी, आत्ता आपल्या मनाने करून आणू नका. पळवून बघू म्हणजे समजेल, हा विचार सरळ वाटतो. पण स्नायूला सूज असण्याची शंका असताना तीच टेस्ट धोक्याची. तिची पाळी येते अगदी शेवटी, मैदानावर परत सोडण्याआधी.

पळण्याने एवढं काय बिघडतं? सुजलेल्या स्नायूला विश्रांती लागते, मग तो पायाचा असो की हृदयाचा. मुरगळलेल्या पायाने कुणी 1600 मीटर मारत नाही, कारण पाय दुखतो. हृदयाचा स्नायू सुजला तर पुष्कळदा काहीच दुखत नाही, म्हणून पोरं पळतात. जोरात पळताना ॲड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके 180च्या पुढे जातात, आणि सुजलेल्या जागेतून भलतेच ठोके सुटू शकतात. ते एकापाठोपाठ एक सुटले तर माणूस जागेवर कोसळतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं आहे की विषाणूने हृदय सुजलेलं असताना त्यांना पळवलं, पोहवलं तर स्नायूचं नुकसान वाढतं. धडधाकट दिसणारी तरुण मुलं खेळताना अचानक दगावतात, त्यामागच्या कारणांत मायोकार्डायटिसचं नाव कायम असतं. मायोकार्डायटिस नक्की झाला असेल तर तीन ते सहा महिने कष्टाचा व्यायाम नाही, ही जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांची पद्धत या अनुभवातून पडली आहे. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने उगाच सांगितलेले नाहीत.

म्हणजे पुढचे रस्ते दोन. नाडी तिच्या नेहमीच्या आकड्यावर, ईसीजी पूर्ववत, ईएफ 55च्या वर, आणि जुना ट्रोपोनिन वाढलेला नव्हता, असं निघालं तर प्रश्नचिन्ह खोडलं गेलं. मग डॉक्टरांना विचारून आधी जोरात चालणं, मग हळू पळणं, मग अंतर, आणि वेग सगळ्यात शेवटी. डेंग्यूनंतरचा थकवा आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, तेव्हा पहिल्या दिवशी दम लागला म्हणून हबकायचं नाही. या रस्त्याने तो दोन महिन्यांनी मैदानात उतरूही शकेल. तेव्हा धावण्याचे पूर्ण वीस मार्क पडतील की नाही, हा पुढचा प्रश्न.

दुसरा रस्ता म्हणजे मायोकार्डायटिस होता असं ठरलं. मग ही भरती गेली. अवघड आहे, मला कळतंय. एका जाहिरातीची पोरं किती वाट बघतात, घरचे किती पैसे अभ्यासिकेत आणि मेसमध्ये जातात, ते मी जवळून पाहते. पण तो 22चा आहे. खुल्या गटालाही शिपाई भरतीसाठी 28 वर्षांपर्यंत मुभा आहे, मागासवर्गीयांना त्याहून जास्त. सहा महिन्यांनी इको, 24 तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवलेला ईसीजी, आणि ती स्ट्रेस टेस्ट नीट आली तर तो पूर्वीसारखा पळेल, कारण डेंग्यूची ही सूज बहुतेकांत मागे काही न ठेवता जाते. लेखीचा अभ्यास तर खाटेवर बसूनही होतो. गणित आणि बुद्धिमत्ता कच्ची असलेली पण जोरात पळणारी मुलं मी कमी पाहिलेली नाहीत.

तोवर घरी नाडी मोजायला शिका. कोविडच्या वेळी आणलेलं ऑक्सिमीटर कपाटात कुठेतरी पडलं असेलच. त्याचे सेल बदला. त्यावरच्या दोन आकड्यांपैकी ज्याच्याजवळ पीआर किंवा हृदयाची खूण असते, ती नाडी. बोट गार असेल तर आकडा भलता येतो, आधी हात चोळून घ्या. पण माझा जास्त भरवसा बोटांवर आहे. मुलाच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तुमची तीन बोटं ठेवा आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, मधला चुकलेला ठोका त्यात निसटतो. सकाळी उठल्या उठल्या एकदा, अंथरुणातच. मग त्याला उठून अंगणात दोन-तीन मिनिटं चालू द्या आणि परत मोजा. निरोगी मंद नाडी चालल्यावर लगेच वर चढते, 48ची 80 होते. चालूनही 48ची 52च राहिली, तर विजेच्या वाटेत काही अडलंय का ते बघावं लागतं. हे आकडे तारखेसकट वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना अशी वही फार उपयोगी पडते.

चक्कर येऊन पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेना, उताणं झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, पायांवर सूज आली, तर सकाळची वाट बघायची नाही. नाडी 40च्या खाली जाऊन गळून गेल्यासारखं वाटलं तरी तेच. उलट, स्वस्थ बसलेला असताना नाडी सतत 100च्या वर राहिली, तर तेही तितकंच गंभीर. मंद नाडीची भीती बाळगताना वेगवान नाडीकडे काणाडोळा होतो, आणि सुजलेल्या हृदयाची खूण पुष्कळदा ती दुसरीच असते.

सलाईन नको. अजिबात नको. ताकदीची सलाईन हे आपल्याकडचं जुनं वेड आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असतं. साखरेची बाटली असेल तर पाच-सहा चमचे साखर. तेवढी ताकद वाटीभर वरणभातात आहे. डेंग्यूत ताप उतरताना, पाझर चालू असताना, सलाईन जीव वाचवतं, आणि तेही तासातासाला मोजून दिलेलं. एकदा पाझर थांबला की बाहेर साचलेलं पाणी शरीर स्वतःच दोन-तीन दिवसांत रक्तात ओढून घेतं. तेव्हा बाटल्या चालूच ठेवल्या तर ते पाणी फुप्फुसात उतरतं, आणि हृदय आधीच दमलेलं असेल तर फार लवकर उतरतं. डेंग्यूत दम लागून आयसीयूत जाणाऱ्यांमध्ये असे पेशंट असतात. तुमच्या मुलाला आता तोंडाने सगळं जातंय. ज्याच्या ईएफवर प्रश्नचिन्ह आहे त्याच्या शिरेत उगाच पाणी कशाला घालायचं?

पपईच्या पानांचं म्हणाल, तर प्लेटलेट थोड्या लवकर चढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. हृदयाला त्याचा काही उपयोग नाही, आणि कडू रसाने उलट्या झाल्या तर पोटात गेलेलंही बाहेर येतं. प्लेटलेट आता वाढलेल्याच असतील, तेव्हा रस बंद करा. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर त्यांना नाचणीची आंबील करायला सांगा. हातालाही काम, पोरालाही खाणं. एकूणच प्लेटलेटचं आपण फार माजवलंय. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला सकाळ-संध्याकाळचा आकडा तोंडपाठ असतो. नाडी किती, बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यात अंतर किती, लघवी किती झाली, हे कुणी विचारत नाही. ते अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं, हातपाय गार पडले, तर प्लेटलेट लाखभर असल्या तरी पेशंट धोक्यात असतो.

आता मिस्टर. त्यांना ताप आला तर पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना स्टेंटचं सांगायचं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी घ्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, काही नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तीही दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. स्टेंटसाठीची ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही मात्र वेगळी गोष्ट. डेंग्यूत ॲस्पिरिन चालत नाही हे कुठेतरी वाचून ती परस्पर बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते डेंग्यूपेक्षा भारी पडेल. प्लेटलेट किती आहेत आणि स्टेंटला किती दिवस झाले, हे बघून ती चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. गोळ्यांच्या पाकिटात मेटोप्रोलॉल आहे का, तेही बघून ठेवा. ही गोळी नाडी संथ ठेवते. डेंग्यूत बीपी पडायला लागतं तेव्हा नाडी वाढून आधी इशारा देते, आणि या गोळीमुळे तो इशाराच दबला जातो. बीपीच्या बाकीच्या गोळ्याही त्या दिवसांत कमी कराव्या लागू शकतात. या सगळ्यासाठी स्टेंटच्या माणसाने डेंग्यूच्या शंकेवरही घरी थांबू नये, असं माझं मत आहे.

पाणी पाच दिवसांआड येणाऱ्या गावात साठवू नका म्हणणं हा शहाणपणा झाला, मदत नव्हे. बॅरलला घट्ट झाकण किंवा जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं दोरीने बांधा. पाणी आलं की भरण्याआधी बॅरल आतून काथ्याने घासा. या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवते, आणि ती कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर पुढच्या भरण्यात ती पुन्हा फुटतात. आठवड्यातला कोरडा दिवस सांगतात तो याचसाठी, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. अंगणातल्या सिमेंटच्या हौदात गप्पी मासे सोडा. फ्रिजच्या मागच्या ट्रेकडेही एकदा वाकून बघा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा मिस्टर दुपारी पडतात तेव्हाही मच्छरदाणी लावा. मुलालाही सांभाळा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आणि एकदा झालेल्याला दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त तापदायक ठरू शकतो.

हार्टच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी, इको, ट्रोपोनिनचा कागद मिळाला तर तो, आणि नाडीची वही एवढं पिशवीत घाला. मुलाला बरोबर न्या, त्याच्याशिवाय रिपोर्ट दाखवून येऊ नका. आणि तपासणी झाली की तुम्ही दोघंही थोडा वेळ बाहेर बाकावर बसा. किती दिवस पळाला, किती पळाला, पळताना छातीत काही झालं का, हे तो तुमच्यासमोर खरं सांगणार नाही.